लॅब टेक्निशियन व्हायचंय? ठाणे-नवी मुंबईतले विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला की रिपोर्ट न्यायला आलेली माणसं पाकीट हातात मिळालं तरी आमच्या काउंटरपाशी घुटमळतात. "मॅडम, आमच्या मुलीला हा तुमचा कोर्स कसा राहील?" उत्तराला वेळ लागतो आणि मागे रांग खोळंबते. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मी ठाण्यात वाढले, नवी मुंबईत नोकरी केली, ट्रान्स हार्बरच्या गाडीत उभ्याने डुलक्या काढल्या आणि गेली काही वर्षं इंटर्नशिपला येणाऱ्या मुलांच्या हातात पहिली सुई देते आहे. माझा अधिकार तेवढाच.

टेक्निशियन आणि पॅथॉलॉजिस्ट यांत फरक काय?

पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर असतो. एमबीबीएस करून पुढे पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेला. रिपोर्टवर सही त्याची. रक्त घेणं, नमुना तयार करणं, तपासणी चालवणं, आलेला आकडा विश्वास ठेवण्यासारखा आहे का हे बघणं, हे टेक्निशियनचं काम. पेशंट आम्हाला सिस्टर म्हणतात, डॉक्टर म्हणतात, ताई म्हणतात. एका आजींनी मला "ती रक्तवाली" म्हणून हाक मारली होती. कशालाही ओ द्यायची सवय ठेवा. मात्र रिपोर्ट बघून "तुम्हाला अमुक झालंय" असं सांगायच्या फंदात पडू नका. ते आपलं काम नाही.

बारावीला कोणते विषय हवेत? किती टक्के?

सायन्स, त्यात फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी. टक्क्यांची अट विद्यापीठ आणि प्रवर्गाप्रमाणे बदलते, ती त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा. कॉमर्स किंवा आर्ट्स झालेल्यांना "आमच्याकडे चालतं" असं कुणी सांगितलं, तर तिथून उठून या.

चष्मा चालतो. रंग ओळखायला अडचण असेल तर मात्र प्रवेशाआधी डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोला. ट्यूबची झाकणं, लघवीच्या पट्ट्या, स्लाइडचे स्टेन, आमचं अर्धं काम रंगांवर चालतं.

सीएमएलटी, डीएमएलटी, बीएस्सी एमएलटी, बीपीएमटी. यातलं घ्यायचं काय?

यातलं एमएलटी म्हणजे मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी. सीएमएलटी म्हणजे छोटा सर्टिफिकेट कोर्स. त्यावर मदतनीस म्हणून काम मिळतं, पण पुढची दारं लवकर बंद होतात. डीएमएलटी हा डिप्लोमा. बारावीनंतर करतात, तसाच बीएस्सी झाल्यावरही बरेच जण करतात. बीएस्सी एमएलटी किंवा बीएमएलटी ही पदवी. आणि बीपीएमटी ही नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. ती मेडिकल कॉलेजात शिकवतात, म्हणजे रोज खरे पेशंट आणि खरे नमुने.

माझं मत विचाराल तर घरची परिस्थिती थांबू देत असेल तर पदवी करा. सरकारी पदांच्या जाहिराती काढून वाचा, पात्रतेच्या रकान्यात बऱ्याचदा पदवी दिसते. लवकर कमावणं गरजेचं असेल तर डीएमएलटी करून नोकरी धरा आणि पदवीचं बघत राहा. आमच्या लॅबमध्ये सगळ्यात सफाईदार हात असलेला मुलगा डिप्लोमावालाच आहे. पण बढतीच्या वेळी तोच अडला, हेही खरं.

कॉलेज मान्यताप्राप्त आहे हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यांत आधी यायला हवा, पण येतो फी भरून झाल्यावर.

एक मुलगी आमच्याकडे नोकरीसाठी आली होती. हुशार, बोलायला चुणचुणीत. हातात चकचकीत डिप्लोमा, त्यावर सोनेरी शिक्का, दूरच्या राज्यातल्या कुठल्याशा संस्थेचं नाव. शिक्षण झालं होतं स्टेशनजवळच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथे एक मायक्रोस्कोप होता आणि तोही काचेच्या कपाटात. दोन वर्षांत तिने स्वतःच्या हाताने चार जणांचं रक्त घेतलं होतं, चौघेही वर्गमित्र. नोंदणीसाठी गेली तेव्हा त्या कागदाचा उपयोग शून्य. तिच्या वडिलांनी भरलेली फी काही परत आली नाही.

म्हणून आधी संस्थेला तीन गोष्टी विचारा. परीक्षा कोण घेतं आणि गुणपत्रिकेवर कुणाचं नाव येतं? आरोग्य विज्ञान विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ, जे असेल ते स्पष्ट सांगता आलं पाहिजे. दुसरं, या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? संस्थेच्या तोंडी उत्तरावर थांबू नका, परिषदेकडूनच खात्री करा. तिसरं, इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, आणि ती लेखी आहे का?

कायदाही माहीत असू द्या. २०२१ साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यातल्या व्यवसायांच्या यादीत मेडिकल लॅबोरेटरीचा गट पहिलाच आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिकाचं शिक्षण दोन ते चार वर्षांत मिळून कमीत कमी २,००० तासांचं हवं असं हा कायदा म्हणतो. आता सहा महिन्यांत डिप्लोमा देणाऱ्यांचा हिशेब मांडा. १८० दिवस, रविवार नाही, गणपती नाही, दिवाळी नाही, तरी रोज अकरा तास भरतात. एवढं शिकवणारी संस्था मला अजून भेटायची आहे.

ऑनलाइन डीएमएलटी चालतं का?

नाही. शीर बोटाला लागते, स्क्रीनला नाही.

ठाणे-नवी मुंबईत शिकायला आणि अनुभव घ्यायला जागा कुठे आहेत?

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे आणि राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे. कामोठ्याला एमजीएम, तिथे बायोमेडिकल सायन्सेसच्या विभागात एमएलटीची पदवी आहे. नेरुळला डी. वाय. पाटील. वाशीला महापालिकेचं रुग्णालय. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक, कॅन्सरवरच्या उपचार आणि संशोधनासाठी, जिथे रेणूंच्या पातळीवरच्या तपासण्या चालतात. आणि तुर्भ्याच्या एमआयडीसीत देशभरातून विमानाने आलेले नमुने रात्रभर तपासणाऱ्या मोठ्या खासगी लॅब.

त्यामुळे आपल्या पट्ट्यातल्या मुलांना एक फायदा आहे. ठाण्याहून पनवेलच्या गाडीत बसलं की एकाच लाइनवर पालिकेचं हॉस्पिटल, मेडिकल कॉलेज आणि कारखान्यासारखी चालणारी लॅब असे तिन्ही प्रकार बघायला मिळतात. इंटर्नशिप निवडताना मात्र मोठ्या नावाला भुलू नका. प्रचंड लॅबमध्ये तुम्ही सहा महिने एकाच मशीनच्या तोंडात ट्यूबचे रॅक भरत बसाल. पालिकेच्या हॉस्पिटलात गर्दी असते, पंखा कुरकुरतो, पण पहिल्या आठवड्यात शंभर शिरा बोटाखालून जातात.

अभ्यासक्रमात नेमकं काय असतं?

हिमॅटोलॉजी म्हणजे रक्तपेशी. बायोकेमिस्ट्री म्हणजे साखर, किडनी, लिव्हर, थायरॉइड. मायक्रोबायोलॉजीत जंतू वाढवायचे, ओळखायचे आणि कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं ते बघायचं. सेरॉलॉजी म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधणं. मग रक्तपेढी. हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांच्या पातळ चकत्या कापून रंगवणं. लघवी, शौच, थुंकी हे आलंच. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या.

जुन्या पद्धती अजून शिकवतात आणि मुलं कुरकुरतात. न्यूबावर चेंबरमध्ये पेशी मोजायच्या, साहलीच्या नळीत हिमोग्लोबिनचा रंग जुळवायचा, वेस्टरग्रेनच्या नळीत ईएसआर लावायचा, म्हणजे लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते बघायचं. "मॅडम, मशीन करतं ना हे?" करतं. पण लाइट जाते, मशीन बंद पडतं, आणि मुख्य म्हणजे मशीन खोटं बोलतंय हे कळायला खरं काय दिसतं ते आधी डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं.

ट्यूबचे रंग पाठ होत नाहीत. इतकं महत्त्व का?

पाठ करू नका, आत काय आहे ते समजून घ्या. जांभळ्या झाकणात ईडीटीए, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी आणि एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, दोन्ही त्यात. फिकट निळ्यात सायट्रेट, रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी. राखाडीत फ्लोराइड, साखरेसाठी. लाल आणि पिवळ्यात रक्त गोठू द्यायचं आणि वरचं सीरम वापरायचं. हिरव्यात हेपॅरिन.

भरायचा क्रम ठरलेला असतो: कल्चरच्या बाटल्या, मग निळी, लाल, पिवळी, हिरवी, जांभळी आणि शेवटी राखाडी. एका ट्यूबमधलं औषध पुढच्या ट्यूबमध्ये जाऊ नये म्हणून.

आमच्याकडे एका इंटर्नने लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतलं थोडं त्यात ओतलं. त्याला वाटलं, पेशंटला पुन्हा टोचायला नको, बिचारे वयस्कर आहेत. मशीनवर पोटॅशियम ११ आलं आणि कॅल्शियम ३. असा माणूस आयसीयूत असायला हवा. हे आजोबा बाहेर बाकावर बसून पेपर वाचत होते. ईडीटीएबरोबर ट्यूबमध्ये पोटॅशियम असतंच, आणि कॅल्शियम ते धरून ठेवतं, म्हणून एक आकडा आभाळाला, दुसरा पाताळात. आजोबांची माफी मागून पुन्हा रक्त घेतलं. तो इंटर्न आता चांगला टेक्निशियन झालाय आणि हीच गोष्ट नवीन मुलांना "एक मुलगा होता" म्हणून सांगतो.

निळ्या ट्यूबचं आणखी एक. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, हे माप मोडलं की रिपोर्ट मोडला. खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. बटरफ्लाय सुईच्या नळीत हवा असते, ती आधी ट्यूबमध्ये जाते आणि तेवढं रक्त कमी भरतं. म्हणून निळी पहिली असेल तर आधी एक टाकाऊ ट्यूब लावून नळीतली हवा काढायची.

मला रक्त बघितलं की चक्कर येते. मग जमेल का?

बहुतेकांचं पंधरा दिवसांत जातं. स्वतःच्या जखमेचं रक्त आणि ट्यूबमधलं रक्त यांत मन हळूहळू फरक करायला शिकतं. पहिल्या दिवशी उपाशी येऊ नका, बस्स. थुंकीच्या नमुन्याला मात्र मी अजूनही पूर्ण सरावलेली नाही.

शीर सापडत नसेल तर?

डोळ्यांनी शोधू नका, बोटाने शोधा. कोपराच्या आतल्या बाजूची मधली शीर पहिली पसंती. बोटाखाली ती दाबली जाते आणि परत उसळते. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, तसा उसळत नाही, कडक दोरीसारखा लागतो. टुर्निके, म्हणजे दंडाला बांधायची पट्टी, एक मिनिटाच्या वर बांधून ठेवायची नाही, आणि पेशंटला मूठ उघड-बंद करायला लावायची नाही, पोटॅशियम वाढून येतं. दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा स्वतः टोचू नका, सिनिअरला बोलवा. यात कमीपणा नाही. कमीपणा पेशंटच्या हातावरच्या काळ्यानिळ्या डागात आहे.

आणि टोचण्याआधी नाव विचारा. "तुम्ही सावंत ना?" असं नव्हे. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा, मग फॉर्म बघा, मग ट्यूबवर लेबल तिथेच, पेशंटसमोर. एका सोसायटीच्या शिबिरात आमच्यासमोर एकाच नावाचे दोन पाटील बसले होते. वयात दहा वर्षांचा फरक आणि साखरेत दोनशेचा.

सगळं मशीन करतं. मग पुढे माणसाची गरज राहील का?

मशीन तपासतं ते त्याच्या तोंडात घातलेल्या ट्यूबमधलं. ती ट्यूब कुणाची, कधी भरली, किती वेळ उन्हात राहिली हे त्याला कोण सांगणार? लॅबमधल्या बहुतेक चुका नमुना मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेल्या असतात.

साखरेचं घ्या. साध्या ट्यूबमध्ये पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. नेहमीच्या तापमानाला तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर कमी होते. कासारवडवलीला सकाळी सातला घेतलेलं रक्त घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून दहाला पोचलं, तर मधुमेहाचा माणूस कागदावर बरा होतो. म्हणून राखाडी ट्यूब. बरं, सगळंच बर्फावर टाकलं म्हणून भागत नाही. पोटॅशियमसाठीचं रक्त सीरम वेगळं न करता थंड केलं तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. कावीळ बघायचा नमुना उजेडात ठेवला तर बिलिरुबिन उतरतं. होम कलेक्शनवाल्याच्या पेटीत काय कुठल्या कप्प्यात ठेवायचं, ही एक विद्याच आहे.

पावसाळा हा आमचा सिझन. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. डेंग्यूत पहिल्या पाचेक दिवसांत एनएस-वन, म्हणजे विषाणूचं प्रथिन बघतात, नंतर आयजीएम, म्हणजे शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं. आणि सगळ्या घराचं लक्ष प्लेटलेटकडे. एकदा मशीनने एका तरुणाच्या प्लेटलेट ३८ हजार दाखवल्या. दीड लाखाच्या वर असायला हव्यात. घरचे बेड शोधायला लागले होते. स्लाइड लावली तर काचेवर प्लेटलेटचे घोसच्या घोस. काही माणसांच्या रक्तात ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. निळ्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, सायट्रेटच्या पाण्यामुळे आकड्याला १.१ ने गुणलं, प्लेटलेट १ लाख ९० हजार. मलेरियाचंही तसंच. जाड थरात परजीवी शोधायचा, पातळ थरात त्याची जात ओळखायची. फॅल्सिपेरम या मलेरियाच्या जातीचे केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट, म्हणजे परजीवीची एक अवस्था, एकदा स्वतः पाहिले की विसरता येत नाहीत.

मशीनची रोजची परीक्षाही आपणच घेतो. सकाळी पेशंटच्या नमुन्याआधी कंट्रोल लावायचे, त्यांची उत्तरं आधीच माहीत असतात. लेव्ही-जेनिंग्जच्या आलेखावर ठिपका कुठे पडतो ते बघायचं. रेषेबाहेर गेला तर कारण सापडेपर्यंत रिपोर्ट सोडायचा नाही, बाहेर कितीही आरडाओरडा होवो. एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या लॅबमध्ये आयएसओ १५१८९ या मेडिकल लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे या सगळ्याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. मुलांना हे रजिस्टर भरणं कंटाळवाणं वाटतं, आणि आहेच कंटाळवाणं.

रक्तपेढीत काम करायचं असेल तर?

तर रक्तगटाची तपासणी दोन्ही बाजूंनी करायची सवय आत्ताच लावा. पेशी एकदा, सीरम एकदा. ही घाईत वगळायची पायरी नाही. याचं कारण आपल्याच गावचं आहे. १९५२ साली परळच्या केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच गट शोधला, तो जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो. या माणसांच्या पेशींवर एच प्रतिजन, म्हणजे ओ गटाच्या पेशींवरही असणारी ओळखखूण, नसतोच. नुसत्या पेशी तपासल्या तर गट ओ वाटतो. सीरम ओ गटाच्या पेशींबरोबर लावलं की मात्र गुठळ्या होतात, कारण त्यात एचविरुद्धची प्रतिपिंडं असतात. अशा पेशंटला ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. भारतात साधारण १०,००० माणसांत एक असा असतो. आयुष्यात एकदाच समोर येईल कदाचित, पण त्या दिवशी दुसरी बाजू लावलेली असली पाहिजे.

सुई टोचली तर एड्स होतो का? आई याच कारणाने नको म्हणते.

आईंची भीती रास्त आहे, म्हणून नीट सांगते. एचआयव्ही असलेल्या पेशंटची वापरलेली सुई टोचली तर संसर्गाची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीचा धोका त्याहून कितीतरी मोठा, ३० टक्क्यांपर्यंत. आणि त्यावर तर लस आहे: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. प्रवेश घेतला त्याच आठवड्यात सुरू करा. नंतर टायटर, म्हणजे लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांचं रक्तातलं प्रमाण, तपासा, १० च्या वर हवा.

टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, तोंडात बोट घालू नका. लगेच सिनिअरला सांगा, लाजून घरी जाऊ नका. एचआयव्ही प्रतिबंधाची गोळी लवकरात लवकर, जमल्यास दोन तासांत आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, मग २८ दिवस. मी स्वतः हे २८ दिवस काढले आहेत. मळमळ फार होते. त्या काळात मी काम करत होते तिथल्या मालकांनी "बाहेर बोलू नकोस" एवढंच सांगितलं होतं. म्हणून नोकरी घेताना विचारा: सुई टोचली तर तुमच्याकडे काय करतात? उत्तर द्यायला जो चाचरतो, तिथे जपून.

पुष्कळदा सुई टोचते ती झाकण परत लावताना. लावायचंच नाही. सुई थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, सुईविना सिरिंज आणि हातमोजे लालमध्ये, काच निळ्यात. रक्त सांडलं तर कागदाने झाकून वर १ टक्का हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारणारं ब्लीचचं द्रावण, ओतायचं आणि थांबायचं. लगेच पुसायला धावू नका.

पगार किती मिळतो?

छोट्या लॅबमध्ये सुरुवातीचा पगार पाच आकडी असतो, पण त्यातला पहिला आकडा बहुधा १ असतो. कोपरखैरण्यात खोली भाड्याने घेऊन त्यावर एकट्याने राहायचं म्हटलं तर जड जाईल. हात बसला, एखादा विभाग स्वतः सांभाळता येऊ लागला, क्वालिटीची कागदपत्रं कळली की वाढतो. मोठ्या कॉर्पोरेट लॅब आणि हॉस्पिटलं जास्त देतात आणि पिळूनही घेतात. होम कलेक्शनवाल्यांना दर नमुन्यामागे पैसे मिळत असतील तर पेट्रोल कोण देणार ते आधी ठरवून घ्या.

मुलींना नाइट करावी लागते का?

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हो, तिथे दिवस-रात्र नसते. साध्या लॅबमध्ये रात्रपाळी नसते, पण उपाशीपोटी येणारे पेशंट सकाळी साडेसहापासून दारात असतात, म्हणजे पहाटेची लोकल आलीच. होम कलेक्शनला मुलींनी कुठल्या भागात जायचं, अडचण आली तर कुणाला फोन करायचा, हे लॅबने ठरवून दिलेलं असावं. आमच्याकडच्या दोन मुली घणसोली-ऐरोलीचा पट्टा स्कूटीवरून सांभाळतात आणि नवीन डॉक्टरांपेक्षा जास्त माणसं त्यांना ओळखतात.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजी अडेल का?

पहिलं सत्र अडेल. पेपर आणि किटमधलं लिटरेचर इंग्रजीत असतं. शब्द मात्र ठरावीक आहेत, दोनेकशे शब्द आले की गाडी चालते. बाकी पेशंटशी बोलताना तुमची मराठी तुम्हाला पुढे नेईल. "सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धरा" हे आजोबांना न लाजता, न लाजवता सांगता येणं, ही मोठी कला आहे.

डीएमएलटी करून स्वतःची लॅब काढता येते का?

ही अनेकांची इच्छा असते आणि इथेच फसवणूकही होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी स्पष्ट केलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. तेव्हा टेक्निशियनने एकट्याच्या सहीने रिपोर्ट देणं बसत नाही. दर महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन सहीचा शिक्का देणारे डॉक्टर मिळतात, असं तुम्हाला कुणीतरी चहा पिताना सांगेलच. त्या वाटेला जाऊ नका. पॅथॉलॉजिस्ट खरोखर येऊन स्लाइड बघणार असेल तर भागीदारी, नाहीतर मोठ्या लॅबचं कलेक्शन सेंटर, हे सरळ मार्ग.

सरकारी नोकरीचं काय?

सार्वजनिक आरोग्य विभाग, जिल्हा परिषदा, महापालिका यांत प्रयोगशाळा तंत्रज्ञ, प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी अशी पदं निघतात. जाहिरात कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि आली की नोंदणी प्रमाणपत्र लागतं. म्हणून पास झाल्या झाल्या परिषदेची नोंदणी करून ठेवा. क्षयरोग कार्यक्रमात आणि शासकीय रुग्णालयांत कंत्राटी जागाही असतात. पगार उशिरा होतो अशी ओरड ऐकू येते, पण शिकायला मिळतं भरपूर.

फी परवडत नसेल तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज करा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला काढायला प्रवेशाच्या आदल्या दिवशी तहसीलदार कार्यालयात धावू नका.

पहिल्या दिवशी काय घेऊन यायचं?

पूर्ण बाह्यांचा अ‍ॅप्रन, बंद बूट, बांधलेले केस, कापलेली नखं. लस सुरू केल्याचं कार्ड. काळा मार्कर, पाण्याने न पुसला जाणारा. छोटी वही, खिशात मावणारी. मोबाइल पिशवीत, कारण हातमोजे घालून फोन उचलणारा मुलगा मला पहिल्याच दिवशी दिसतो आणि माझा आवाज पहिल्याच दिवशी चढतो. डबा बाहेरच्या टेबलावर ठेवा. आतल्या फ्रिजवर "यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत" अशी मोठी पाटी लावलेली आहे, आणि तरी दर बॅचला रिएजंटच्या बाटल्यांमागे कुणाची तरी लोणच्याची डबी सापडतेच.